तळ्याकाठचं बंद हॉटेल, कासा ब्लांका

(गेल्या अंकात नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न छापला होता आणि उत्तर पुढच्या वेळी देते म्हटलं होतं. मधल्या महिन्यात त्यावरच आणखी पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर सगळं एकाच विषयाला दिलंय. टोमॅटोच्या रोपांवरच्या पांढऱ्या माशीबद्दल विचारणाऱ्या दोघांनी थोडी कळ काढा.)

प्रश्न : मी उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला होते. एका रविवारी आम्ही लेक मिशिगनच्या किनाऱ्याकडे निघालो होतो, वाटेत बाल्डविन नावाचं छोटं गाव लागतं, तिथे मुलाने मुद्दाम गाडी आत वळवली. पाइनची झाडं, मधे शांत तळं, लहान लहान घरं, काही पार मोडकळीला आलेली, आणि एक जुनं बंद हॉटेल, नाव कासा ब्लांका. मुलगा म्हणाला, "आई, हे आयडलवाईल्ड, एके काळी ब्लॅक लोकांचं लोणावळा होतं, आणि वसवलं मात्र गोऱ्यांनी." मला यातलं काहीच झेपलं नाही. एवढ्या आडरानात हॉटेल कोणी बांधलं, कोण राहायचं तिथे, आणि बंद का पडलं? — निवृत्त शिक्षिका, नाशिक

काकू, मुलाने एका वाक्यात बरंच सांगितलं की, फक्त "लोणावळा" हा शब्द जरा फसवा आहे. लोणावळ्याला आपण जातो कारण आवडतं म्हणून. आयडलवाईल्डला लोक जायचे कारण बाकी कुठे त्यांना खोलीच मिळत नव्हती, हा फरक आधी डोक्यात ठेवा मग पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

कासा ब्लांका बांधलं १९४९ साली, वूल्सी कूम्ब्स यांनी. पण हॉटेलची गोष्ट हॉटेलपासून सुरू होत नाही, ती सुरू होते १९१२ ला. मिशिगनच्या त्या भागातलं पाइनचं जंगल लाकूडवाल्यांनी आधीच कापून नेलं होतं, मागे राहिली खुंटं आणि वाळू. शेतीला जमीन जवळजवळ कुचकामी. ब्रँच बंधू, लेमन, राइट अशा चार गोऱ्या जोडप्यांनी तिथली २७०० एकरच्या आसपास जमीन हाती घेतली आणि आयडलवाईल्ड रिसॉर्ट कंपनी काढली. गिऱ्हाईक कोण, तर शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, इंडियानापोलिस इथले ब्लॅक लोक. तेव्हा या शहरांत दोन पैसे गाठीला असलेला ब्लॅक वर्ग तयार होत होता, डॉक्टर, वकील, मास्तर, पोस्टातले कारकून, छोटे दुकानदार. सुट्टी घ्यायला पैसा होता, सुट्टीला जायला जागा नव्हती. ते या कंपनीने बरोबर हेरलं. समाजसेवा वगैरे म्हणायचं कारण नाही, सरळ धंद्याचं नाक होतं, पण त्या धंद्यातून जे उभं राहिलं ते धंद्याच्या पलीकडे गेलं हेही खरं.

प्लॉट किती रुंद, तर २५ फूट बाय १०० फूट, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वादोन गुंठ्यांच्या जरा वर. किंमत ३५ डॉलर. सहा डॉलर आधी द्यायचे आणि मग महिना एक डॉलर, म्हणजे २९ हप्ते, अडीच वर्षांत प्लॉट तुमचा. १९१४ ला हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला तेव्हा जगभर बोलबाला झाला होता, त्या मापाने धरलं तर सात दिवसांची मजुरी. कंपनीचे एजंट शहरात फिरून प्लॉट विकायचे, लोकांना सहलीसारखं गाडीत घालून तळं दाखवायला आणायचे. हे वाचताना मला आपल्याकडच्या "एन ए प्लॉट, साइट व्हिजिट फ्री, जेवणासह" या जाहिराती आठवल्या आणि हसू आलं. पण एक मोठा फरक, तिथे प्लॉट घेणाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी "या, पाणी बघा, पोहा, तुमचंच आहे" असं म्हणत होतं.

पाण्याचं मी उगाच लिहीत नाहीये. २७ जुलै १९१९ ला शिकागोत याच लेक मिशिगनमध्ये युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा ब्लॅक मुलगा पोहताना तरंगत तरंगत "गोऱ्यांच्या" बाजूच्या पाण्यात गेला. वाळूवर आखलेली रेघ नव्हती, पाटी नव्हती, सगळ्यांना ठाऊक असलेली अशीच एक हद्द. किनाऱ्यावरून दगड मारले गेले, मुलगा बुडून मेला, पोलिसांनी दगड मारणाऱ्याला पकडलं नाही आणि शहरात दंगल पेटली, ३८ माणसं गेली, त्यातली २३ ब्लॅक. आता विचार करा, त्या शहरातल्या आईबापांना ३५ डॉलरमध्ये असं तळं मिळतंय जिथे पोर कुठेही पोहलं तरी कोणी दगड उचलणार नाही. मग ते आडरानात का गेले हा प्रश्न पडतच नाही. आणि चवदार तळ्याचं नाव ऐकून मोठं झालेल्या मराठी माणसाला तर हे वेगळं समजावून सांगायलाच नको.

सुरुवातीला येणाऱ्यांना राहायला काय होतं? काही तंबूत, काही छोट्या लाकडी खोल्यांत. हॉटेलं मागून आली. खूप घरांतून "एक खोली भाड्याने" चालायचं, कोकणात समुद्राकाठच्या घरांतून चालतं ना तसं, खाली मालकीण, वर पाहुणे, सकाळचा नाश्ता तिच्या हातचा. माझ्या मते आयडलवाईल्डचं खरं गेस्टहाऊस ते.

नाव मोठं व्हायला मात्र मोठी माणसं लागली. त्यातले पहिले डॉ. डॅनिअल हेल विल्यम्स. यांनी १८९१ ला शिकागोत प्रॉव्हिडंट हॉस्पिटल सुरू केलं, ज्यात ब्लॅक मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळायचं, आणि १८९३ ला चाकूने भोसकलेल्या एका माणसाची छाती उघडून हृदयाच्या वरचं आवरण शिवलं, माणूस जगला. हृदयावरच्या सुरुवातीच्या यशस्वी ऑपरेशनांमध्ये ते धरतात. असा माणूस, आणि सुट्टीत त्याला चांगल्या हॉटेलात खोली मिळेल याची खात्री नाही. त्यांनी इथे जागा घेतली, ओकमियर नावाचं घर बांधलं आणि १९३१ ला तिथेच वारले. मग केसांच्या तेला-क्रीमच्या धंद्यातून लखपती झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी प्लॉट घेतले, लेखक चार्ल्स चेस्नट उन्हाळ्यात येऊन राहायचे, आणि ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी नुसते प्लॉट घेतले नाहीत तर १९२१ ला आपल्या 'द क्रायसिस' मासिकात या जागेचं तोंड भरून कौतुक लिहिलं. आजच्या भाषेत याला इन्फ्लुएन्सर म्हणतील.

कासा ब्लांका आलं ते यानंतर, दुसरं महायुद्ध संपल्यावर. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत ब्लॅक कामगारांचे पगार वाढले होते, घरोघरी गाडी आली होती, आणि तंबूत झोपायची हौस कोणाला राहिली नव्हती. तळ्याकाठी रात्रीचे क्लब जोरात होते, त्यातले पॅराडाइज आणि फ्लेमिंगो हे दोन सगळ्यात मोठे. पॅराडाइजवर आर्थर ब्रॅग्ज हे गृहस्थ मोठा शो बसवायचे, नाच, बँड, कॉमेडियन, पिसांचे ड्रेस, सगळं काही, आणि उन्हाळा संपला की तीच मंडळी घेऊन शहरोशहरी दौरा काढायचे, आपल्या तमाशाच्या फडासारखाच प्रकार. डेला रीज, जॅकी विल्सन, फोर टॉप्स, अरिथा फ्रँकलिन असे लोक इथे गाऊन गेलेत. उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारी २५ हजारांपर्यंत माणूस यायचं असं सांगतात. एवढी माणसं झोपवायची कुठे, म्हणून हॉटेल. हिशोब इतका साधा होता.

आता बंद का पडलं. २ जुलै १९६४ ला अमेरिकेत सिव्हिल राइट्स कायदा झाला, हॉटेल, खानावळ, थिएटर कुठेही वर्णावरून माणसाला दारातून परत पाठवणं बेकायदा ठरलं. झालं. डेट्रॉइटचं जे कुटुंब दर वर्षी इकडेच यायचं, ते आता मायामीला जाऊ शकत होतं, लास व्हेगासला जाऊ शकत होतं. गायकांना व्हेगासचे मोठे हॉटेलवाले जेवढे पैसे देत होते तेवढे ब्रॅग्जना परवडणारे नव्हते. क्लब बंद झाले, क्लब बंद म्हटल्यावर हॉटेलं ओस, हॉटेलं ओस म्हटल्यावर किराणा दुकानं, आणि तरुण पोरांना तिथे काम नाही म्हणून तीही गेली. मागे राहिली रिटायर झालेली म्हातारी माणसं, ज्यांना ते तळं सोडवत नव्हतं. एखादा गाव दुष्काळाने ओस पडतो, धरणात जातो, हा गाव एका चांगल्या कायद्याने ओस पडला.

हे लिहिताना मी दोनदा थांबले. आयडलवाईल्डबद्दल लिहिणारे बरेच जण "तो सुवर्णकाळ गेला" असा सूर लावतात, तो मला पटत नाही. दार बंद असल्यामुळे जी गर्दी होते तिला सुवर्णकाळ काय म्हणायचं? पण दुसरीकडे हेही दिसतं की गोऱ्यांच्या हॉटेलात ब्लॅक गिऱ्हाईक गेलं, ब्लॅक मालकाच्या हॉटेलात गोरं गिऱ्हाईक काही आलं नाही. दार उघडलं ते एकाच बाजूने. कूम्ब्ससारख्या मालकांनी जन्माची कमाई घालून जे उभारलं त्याची भरपाई कुठल्या कायद्यात नव्हती. त्यामुळे काकू, तुमच्या मुलाला सांगा, हॉटेल "चाललं नाही" म्हणून बंद पडलं असं नाही, ज्या अडचणीतून ते जन्मलं ती अडचणच बऱ्यापैकी गेली म्हणून बंद पडलं.

१९७९ पासून आयडलवाईल्ड अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि कासा ब्लांका दुरुस्त करून परत वापरात आणायची स्थानिक लोकांची खटपट चालू आहे.

प्रश्न : उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी नव्हती, दक्षिणेसारखे वेगळ्या नळाचे, वेगळ्या बाकांचे कायदे नव्हते असं वाचलंय. मग मिशिगनमध्ये हॉटेलात खोली न मिळायचं कारण काय? कायद्याने तर मनाई नसणार? — वकील वाचक, सोलापूर

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि गंमत तर पुढेच आहे. मनाई नव्हती एवढंच नाही, उलट मिशिगनमध्ये १८८५ पासून कायदा होता की हॉटेल, खानावळ, नाटकगृह इथे वर्णावरून भेदभाव करता येणार नाही. १८८९ ला डेट्रॉइटच्या एका हॉटेलात विल्यम फर्ग्युसन यांना सांगितलं, त्या बाजूच्या टेबलावर बसा, इथे वाढणार नाही. ते कोर्टात गेले, आणि १८९० ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे हेच फर्ग्युसन मिशिगनच्या विधिमंडळात गेलेले पहिले ब्लॅक सभासद झाले.

इतका जुना कायदा, इतका स्पष्ट निकाल, आणि तरी पन्नास वर्षांनंतरही रिसॉर्टवाला सांगायचा, "सॉरी, सगळं बुक आहे." पाटी लावायचीच गरज नाही ना. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने शोधताना आडनाव ऐकल्यावर "अहो कालच गेला" असं उत्तर ज्यांनी ऐकलंय त्यांना हे कळेल. दर उन्हाळ्यात बायकापोरं घेऊन कोर्टात कोण जाणार, सुट्टी चारच दिवसांची.

म्हणून तर व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या पोस्टमनने १९३६ पासून 'ग्रीन बुक' छापायला घेतलं, कुठल्या गावात कुठलं हॉटेल, कुठला पेट्रोल पंप, कुठली खानावळ ब्लॅक प्रवाशाला आत घेईल याची यादी. एसो कंपनीच्या पंपांवर ते मिळायचं. आयडलवाईल्ड त्या यादीत होतं. ग्रीन यांनी त्यात लिहून ठेवलं होतं की एक दिवस असा येईल जेव्हा हे पुस्तक छापायची गरज राहणार नाही. ते १९६० ला वारले, आणि १९६४ च्या कायद्यानंतर एक-दोन आवृत्त्या निघून पुस्तक खरंच बंद झालं. स्वतःचा धंदा बुडावा अशी इच्छा छापणारा प्रकाशक मी तरी दुसरा पाहिला नाही.

प्रश्न : तुम्ही गेल्या अंकात डुबॉइस यांचं नाव घेतलंत. बाबासाहेब कोलंबियाला शिकत होते तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होते, तर ते आयडलवाईल्डला गेले होते का? — एम.ए.चा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

नाही रे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते आणि वाचनालयातून बाहेर पडायलाच त्यांना वेळ नव्हता, त्यात आयडलवाईल्ड तेव्हा नुकतं कुठे प्लॉट विकायला लागलं होतं. डुबॉइस यांच्याशी मात्र त्यांचा पत्रव्यवहार झाला, तो बऱ्याच नंतर, १९४६ ला. अमेरिकेतल्या ब्लॅक संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं बाबासाहेबांनी वाचलं आणि त्या अर्जाची प्रत मिळेल का म्हणून डुबॉइस यांना पत्र लिहिलं, दोन्हींकडच्या परिस्थितीत किती सारखेपणा आहे हेही त्यात लिहिलं. डुबॉइस यांनी त्याच जुलैच्या शेवटी उत्तर पाठवलं.

पण गेस्टहाऊसचा विषय निघालाच आहे तर बाबासाहेबांचाच एक अनुभव इथे आठवायला हवा. १९१७ ला ते बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. कोलंबियात शिकून आलेला माणूस, संस्थानात वरची नोकरी, आणि स्टेशनवर उतरल्यावर प्रश्न एकच, जायचं कुठे? हिंदू हॉटेलं, तेव्हा त्यांना 'विशी' म्हणत, आत घेणार नाहीत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, दिवसाला दीड रुपया, वहीत पारशी नाव लिहायचं या बोलीवर वरच्या मजल्यावरची अंधारी खोली मिळाली. अकराव्या दिवशी दहा-बारा जण काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनीही कारणं सांगितली. मग कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय, शोधून वाच. आणि मग कासा ब्लांकाकडे परत बघ. तिथे रजिस्टरमध्ये खोटं नाव लिहावं लागत नव्हतं. हॉटेल म्हणून त्याची खोली किती मोठी, गादी कशी, हे नंतर.

प्रश्न : आयडलवाईल्ड म्हणजे न्यूयॉर्कचा एअरपोर्ट ना? माझे काका १९६० च्या सुमारास तिथे उतरले होते असं सांगायचे. — वाचक, ठाणे

काका बरोबर सांगत होते, पण ते आयडलवाईल्ड वेगळं. न्यूयॉर्कचा आजचा केनेडी एअरपोर्ट १९४८ ला सुरू झाला तेव्हा लोक त्याला आयडलवाईल्ड म्हणायचे, कारण त्या जागेवर त्या नावाचं गोल्फचं मैदान होतं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये केनेडींचं नाव दिलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

प्रश्न : तिथे 'डॉगहाऊस' भाड्याने मिळायची असं नातवाने कुठेतरी वाचलं. माणसांना कुत्र्याच्या घरात ठेवायचे का? — आजोबा, सांगली

आजोबा, नातवाला म्हणावं वाचलंस ते बरोबर, अर्थ चुकला. एक खोलीची लाकडी केबिन, इतकी लहान की लोकांनीच गमतीत तिला डॉगहाऊस नाव ठेवलं. एक खाट, एक खिडकी, संपलं. नाहीतरी दिवसभर सगळे पाण्यातच असायचे. असली दोन-चार अजून उभी आहेत आणि लोक त्यांचे फोटो काढतात.

प्रश्न : माझी बहीण डेट्रॉइटजवळ राहते, पुढच्या वर्षी आम्ही जाणार आहोत. आयडलवाईल्डला राहता येईल का, बघायला काय आहे? — पुणे

जा, पण "साइट सीइंग" च्या अपेक्षेने जाऊ नका, नाहीतर अर्ध्या तासात "झालं का?" असं होईल. जुलै-ऑगस्टमध्ये जा. हिवाळ्यात तिकडे गुडघाभर बर्फ असतो. गावात आयडलवाईल्डचं एक छोटं सांस्कृतिक केंद्र आहे, जुने फोटो, क्लबच्या आठवणी, पण ते केव्हा उघडं असतं ते आधी फोन करून विचारून घ्या, आपल्याकडच्या म्युझियमसारखं कुलूप बघून परत यायला नको. तळ्याला फेरी मारा, डॉ. विल्यम्स यांच्या नावाचं बेट आहे ते बघा. मुक्कामाला बाल्डविन बरं पडेल, तिथून जवळच पेर मार्केट नदी आहे, मासे पकडणारे लांबून येतात, बहिणीच्या मिस्टरांना आवड असेल तर त्यांचाही दिवस जाईल. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. घराच्या ओट्यावर बसलेलं कोणी दिसलं तर नुसतं "इथे लहानपणी यायचात का?" एवढं विचारा. चहा-कॉफीची वेळ धरून गेलात तर उत्तम.

नाशिकच्या काकूंना एक विनंती, हॉटेलच्या पाटीचा फोटो मुलाने काढला असेल तर पाठवून द्या, पुढच्या अंकात छापू. आणि पांढरी माशी पुढच्या वेळी नक्की.